पिकदाणीतला देवकापूस

नायगाव पूर्व,
१८ नोव्हेंबर २०२४

आत्या,

नमस्कार. साष्टांग घालायला आमच्या हॉलमध्ये जागा नाही, तेव्हा उभ्यानेच घे.

तुझे कान गेल्यापासून फोनवर तू नुसतं "हां, हां, बरं" म्हणतेस आणि मी काय बोललो ते तुला कळतच नाही. म्हणून पप्पा म्हणाले, बहिणीला माझ्या पत्र लिही. शाळेतल्या 'मामाला पत्र' नंतर हे पहिलंच. यमुनाबाईंकडे देतोय. त्या तुझ्या वाडीतली भाजी घेऊन रोज इथे स्टेशनबाहेर बसतात, त्यामुळे पोस्टापेक्षा लवकर पोचेल.

त्रिपुरी पौर्णिमेला गिरीजला आलो तेव्हा तू ती मोठी वात लावलीस ना, ती मी नीट बघत होतो. चरचरली नाही, काळी पडली नाही, शेवटपर्यंत सरळ जळली. तू म्हणालीस, विहिरीमागच्या झाडाचा देवकापूस आहे, त्याला कसलं औषध नाही की पावडर नाही. आत्या, तो कापूस मला हवाय.

मी एक यंत्र बनवतोय, सुगंधाचं. आत तारेची छोटी कॉइल असते, तिच्यातून कापसाची वात ओवायची, वातीला सुगंधी रस पाजायचा. बॅटरीने कॉइल तापली की रसाची वाफ होते. बाजारात तयार मिळतात, पण कॉइल आणि वात आपल्या हाताने करण्यात मजा आहे. मेडिकलमधला कापूस लावून पाहिला, त्याला दवाखान्याचा वास येतो.

तुला वाटेल याला सुगंधाची हौस कुठून आली. तू एकदा आमच्या टॉवरच्या लिफ्टने वर ये. कोपऱ्यात गुटख्याचे लाल ओघळ. सोसायटीने तिथे देवांच्या चित्रांच्या टाइल लावल्या, तर लोक टाइल सोडून बाजूला थुंकतात, म्हणजे भक्ती आहे!  मी रोज सकाळी श्वास धरून सतरा मजले उतरतो.

थोडासाच पाठव.

तुझा केयूर


गिरीज,
२१ नोव्हेंबर २०२४

चि. केयूर,

पत्र पोचलं. अक्षर तुझ्या बापाचंच, मुंग्या चालल्यासारखं. पण लिहिलंस, फार बरं वाटलं. कान गेल्यापासून माणसं माझ्याशी हातवारे करून बोलतात, मी माकड असल्यासारखी. पत्रात तरी पूर्ण वाक्य मिळतं.

कान गेले तरी नाक शाबूत आहे. उलट जास्तच तिखट झालंय. यमुना दारात आली की तिने आदल्या रात्री सुकट खाल्ली की बोंबील, ते मी सांगते. त्यामुळे तुझ्या लिफ्टचं वाचलं आणि मला इथे बसून मळमळलं. थुंकणाऱ्यांविषयी तू मला सांगू नकोस बाबा. तुझ्या काकांशी मी संसार केला आहे. पानवेली घरच्या, तंबाखू पाणजू बेटावरच्या दोस्ताकडून, आणि पितळी पिकदाणी सासूच्या माहेरची. ते जाऊन सात वर्षं झाली, पण अजूनही माळ्यावर चढलं की तो वास माझ्या अंगावर येतो.

तर घरात सुगंध असावा असं आपल्या घराण्यात कोणाला तरी वाटलं, याचंच मला कौतुक. देवघरात ठेवणार आहेस ना यंत्र? चंदन घाल नाहीतर मोगरा. भलतंसलतं घालू नकोस.

सोबत कापूस आहे. सरकी मी हाताने काढली आहे आणि बोटांनी पिंजलाय. अंघोळ केल्याशिवाय त्याला मी हात लावत नाही, तूही लावू नकोस. देवाचा आहे तो.

दोन वांगी जास्तीची आहेत, ती हेमांगीला दे. तुझी आई भरली वांगी छान करते, फक्त स्वतःच्या पानात घ्यायला विसरते.

आत्या


नायगाव पूर्व,
५ डिसेंबर २०२४

आत्या,

तुझा कापूस म्हणजे कमाल आहे! कंपनीतला हितेश या गोष्टीतला उस्ताद. त्याने चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाला, "भाई, ये तो सोना है."

तुला सगळं सांगतो. पहिली कॉइल मी स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यावर गुंडाळली. वेढे एकमेकांना खेटून बसले पाहिजेत, पण एकावर एक चढता कामा नयेत. मग दोन्ही पाय स्क्रूखाली आवळायचे आणि मीटर लावून तपासायचं, कुठे शॉर्ट नाही ना. मग हळूच तापवायची. कॉइल मधून लाल होत कडेला गेली तर जमली. एकाच कडेला पेटली तर चिमट्याने दाबून सारखी करायची. माझ्या पहिल्या तीन बिघडल्या. चौथी अशी लाल झाली की बघत राहावं.

खरी परीक्षा वातीची. घट्ट बसली तर रस चढत नाही, सैल बसली तर जळते. ओढताना थोडी अडली पाहिजे पण तार वाकता कामा नये. कडा कापून, विंचरून आत खोचायच्या. आणि रस मुरल्याशिवाय बटण दाबायचं नाही. कोरडी राहिली की तो जळका वास थेट [खोडलेला शब्द] खोलीत भरतो.

चंदन अजून मिळालं नाही. सध्या आंबा घातलाय. पुदिनाही आहे.

आत्या, पुढच्या वेळी सुटा कापूस नको, पेळू करून देशील का? बुटाच्या नाडीएवढे जाड. आणि जरा जास्त. हितेशलाही हवेत. नव्या वर्षात एका रविवारी येतो, झाडावर बोंडं फुटायला लागली असतील तर वेचून देईन.

आईने वांगी केली. हो, तिच्या पानात नव्हतं. बघितलं मी.

केयूर


गिरीज,
८ जानेवारी २०२५

चि. केयूर,

रविवारी येऊन गेलास, फुटलेली बोंडं वेचून दिलीस, घर भरल्यासारखं वाटलं. झाडावर चढताना दम लागला तुला. माझ्या वाडीतला रामफळीवरचा बोकासुद्धा तुझ्यापेक्षा चपळ आहे. खात जा.

सांगितल्याप्रमाणे पेळू केले आहेत. नाडीएवढेच. हितेशचेही त्यात आहेत. या खेपेला अगदी मन लावून वळले आहेत. मिळाल्याबरोबर वापर, ठेवून देऊ नकोस.

आत्या


गिरीज,
८ जानेवारी २०२५

चि. जागृती,

हे पत्र यमुना तुझ्याच हातात देईल. भावाला दाखवायचं नाही. त्याला वेगळं लिहिलंय, गोड गोड. तुला खरं लिहिते, कारण तुम्हा दोघांत मोठी तू आहेस आणि बँकेत बसून खोट्या सह्या ओळखतेस.

रविवारी केयूर आला. बोंडं वेचता वेचता सारखा केळीच्या रांगेमागे जायचा. मला वाटलं, पोट बिघडलं असेल. तेवढ्यात वाऱ्यावर आंब्याचा वास आला. पौषात! अजून धड मोहोर नाही, आणि वास पिकल्या आंब्याचा. पिकल्याचाही नाही, गोळीतल्या आंब्याचा.

तो गेल्यावर मी केळीमागे गेले. बुंध्याशी कापसाचा एक बोळा पडला होता. तपकिरी, चिकट, मधोमध काळा जळलेला. त्यावर मुंग्यांची रांग लागली होती. आधी काडीने उचलला. मग हातात घेतला. जागू, तंतू माझा होता. देवकापसाचा तंतू मी अंधारात ओळखेन. नाकाशी नेला. वरून आंबा, त्याखाली जळकट, आणि सगळ्यात खाली माणसाच्या तोंडाचा वास. तो वास मला कोणी शिकवायला नको. तो मी उभा जन्म धुतलाय.

घरी येऊन त्याचं जुनं पत्र काढलं. त्यात एक शब्द खोडला होता. खिडकीशी उजेडात धरला. 'घशात' असं लिहिलं होतं त्याने.

मी चार वेळा हात धुतले. शिकेकाईने धुतले, राखेने धुतले. पण शिसारी जात नाही. देवाला लावायचा कापूस, अंघोळ करून पिंजलेला, आणि हा पोरगा तो तोंडाने ओढतो, वर दोस्ताच्या तोंडात देतो. उष्टा करून माझ्याच केळीखाली टाकतो. आणि मी वेडी त्याला मोगरा घाल म्हणून सांगत होते!

हे नेमकं काय आहे ते मला स्पष्ट लिही. आडपडदा नको. तंबाखू आहे का त्यात, एवढं सांग.

पेळू मी त्याला पाठवले आहेत. का ते कळेल.

आत्या


नायगाव पूर्व,
१५ जानेवारी २०२५

आत्या,

तिळगूळ मिळाला. यमुनाबाईंनी देताना "गोड बोल रे, त्याला कोनाला पैसे पडत नाय" असंही सुनावलं.

पण आत्या, या वेळच्या पेळूंना काय झालंय? कॉइलमध्ये घातले, रस पाजला, सगळं नेहमीसारखं केलं. बटण दाबलं आणि असा वास सुटला की सांगता येत नाही. दूध उतू जाऊन शेगडीवर करपतं ना, तसा. त्यात आंबा मिसळलेला. नासलेला आमरस कोणीतरी तव्यावर ओतलाय असं वाटलं. हितेश शेजारी बसला होता, त्याला तर कंपनीच्या गच्चीवरच उलटी झाली. कॉइलवर काळी साय धरली, खरवडूनही निघेना. माझ्या जिभेवरून, म्हणजे नाकातून, ती चव दोन दिवस गेली नाही.

कापूस जुना होता का? ओला राहिला का? कृपा करून नवीन पाठव. आधीच्यासारखा.

केयूर


नायगाव पूर्व,
१७ जानेवारी २०२५

आत्या,

तू विचारलंस म्हणून लिहिते, नाहीतर आईने कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली आहे.

त्याला वेप म्हणतात. सिगारेटच्या ऐवजी ओढतात. आपल्याकडे त्यावर बंदी आहे, तरी मिळतं. त्यातल्या रसात निकोटीन असतं, म्हणजे तंबाखूत जे असतं तेच. पानही नाही, चुनाही नाही, पण ओढ तीच. केयूर सकाळी डोळे उघडायच्या आधी उशीखाली हात घालतो. आधी सिगारेट ओढायचा, ती सोडली हे खरं. पण सिगारेट दिवसात चार होत्या, याला मोजमापच नाही.

तुला माहीत आहे तो किती सोवळा आहे. लिफ्टमध्ये श्वास धरतो, पाण्याचा ग्लास दोनदा विसळतो. स्वतःचं मात्र त्याला काही दिसत नाही. कॉइलमधून जुना कापूस उपसतो तो बाथरूमच्या बेसिनमध्ये. नळ सोडतो आणि निघून जातो. तो बोळा खाली जाऊन अडकतो. सगळा चिकट रस, केस, काळं पाणी. बेसिन तुंबलं की आई खाली बसते, खालच्या पाइपची गाळ साठणारी बाटली फिरवून काढते आणि बोटांनी ते सगळं उपसते. दर आठवड्याला. एकदा मी पाहिलं आणि मला तिथेच ओकारी आली. मी म्हटलं, त्याला करू दे. तर म्हणाली, "राहू दे गं, त्याला किळस येते. बोलू नको काही, लाजेल पोरगा."

त्याच्या उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग असतात, तेही तीच घासते. त्याला वाटतं, घर आपोआप स्वच्छ राहतं.

आत्या, तू काहीतरी कर. पप्पा ओरडतील आणि तो दार लावून घेईल, एवढंच होईल. तुझं तो ऐकतो.

जागृती


गिरीज,
२० जानेवारी २०२५

केयूर,

कापूस जुना नव्हता. पेळू वळताना हाताला दूध लावलं होतं. वाती वळताना आम्ही बायका बोटाला थेंबभर लावतोच, तंतू बसतो. या खेपेला मी वाटी घेऊन बसले होते. मुद्दाम. विष घालायचं मन झालं नाही म्हणून दूध घातलं.

आता तुझं गोड बोलणं बंद कर. केळीखालचा बोळा मला सापडला. खोडलेला शब्दही वाचला. देवघरातलं यंत्र म्हणे! मी सात जणींना सांगितलं, माझा भाचा घरात सुगंध करतो. त्यातल्या दोघींनी त्यांच्यासाठीही एकेक बनवून मागितलं आहे. आता त्यांना काय सांगू, तोंडात धरायचं असतं म्हणून?

मला तुझी किळस आली केयूर. शब्द जड आहे, पण दुसरा सापडत नाही. तू लहान होतास तेव्हा तुझी शी मी उचलली, नाक मुरडलं नाही. त्या बोळ्याने मात्र माझं अन्न दोन दिवस आत गेलं नाही.

तुझे काका वाईट माणूस नव्हते. पानवेली लावाव्या त्यांनीच. पण पहाटे उठल्याबरोबर माझं पहिलं काम पिकदाणी होतं. चहाच्या आधी. त्यात बोट घालून तळ खरवडायचा, कारण पाण्याने निघत नाही. पहिल्या वर्षी मी विहिरीमागे जाऊन ओकायची. त्यांना कधी कळलं नाही. ते म्हणायचे, आमचं घर किती स्वच्छ! मग तोंडात फोड आली. मग गाल. मग बोलणं गेलं, आणि शेवटी जे पिकदाणीत पडायचं ते पान नव्हतं. तेही मीच धुतलं.

तुझ्यात आणि त्यांच्यात मला फक्त आंब्याच्या वासाचा फरक दिसतो.

यापुढे कापूस मिळणार नाही.

आत्या


नायगाव पूर्व,
२७ जानेवारी २०२५

आत्या,

दुधाचं कळल्यावर मी आधी हसलो. मग तुझं पूर्ण पत्र वाचलं.

खोटं बोललो, ते चुकलं. पण काकांशी माझी तुलना करू नकोस. मी सिगारेट सोडण्यासाठी हे घेतलं. धूर नाही, राख नाही. मी थुंकत नाही. माझ्यामुळे एकही भिंत लाल होत नाही. थुंकणाऱ्या माणसाची मला तुझ्याइतकीच घाण वाटते, तुझ्यापेक्षा जास्तच. सगळं मी माझ्या हाताने करतो. कॉइल मी गुंडाळतो, वात मी ओवतो, मीच साफ करतो. काकांची पिकदाणी तुला धुवावी लागली, त्याबद्दल मला वाईट वाटतं. पण माझं कोणाला काही धुवावं लागत नाही.

किळस आली म्हणतेस. मलाही आली, तुझ्या पत्राची. काकांच्या शेवटच्या दिवसांचं ते मला कशाला सांगितलंस? मला ते चांगले आठवत होते.

कापूस नको. दुकानात मिळतो.

केयूर


गिरीज,
३ फेब्रुवारी २०२५

केयूर,

यमुनाच्या टोपलीत मेथीखाली एक गाठोडं आहे. तिने ते नाकाला पदर लावूनच घेतलं. तिचं तोंड हललं ते मी ओठांवरून वाचलं, "आत्याबाय, माज्या भाजीला वास लागंल." तिला म्हटलं, एक दिवस सोस.

ती काकांची पिकदाणी आहे. ते गेले त्या दिवशी मी ती धुतली नाही. लग्न होऊन आल्यापासून तेवढा एकच दिवस. फडक्यात बांधली आणि माळ्यावर टाकली. मला वाटायचं, हा राग आहे. आता वाटतं, माझ्यात त्राण नव्हतं.

तू म्हणतोस तुझं कोणाला धुवावं लागत नाही. चांगलं आहे. मग एवढं काकांचं धू. चिंच लाव, राख लाव, काय लावायचं ते लाव. अट एकच. तुझ्याच हाताने धुवायची. घरातल्या दुसऱ्या कोणाचा हात तिला लागता कामा नये.

नको असेल तर तशीच परत पाठव. मी काही बोलणार नाही. पण मग मला आत्या म्हणून पत्र लिहू नकोस.

प्रेमलता


नायगाव पूर्व,
१० मार्च २०२५

आत्या,

महिना गेला. पिकदाणी इतके दिवस माझ्या पलंगाखाली होती. मी पिशवीत पिशवी घालून गाठ मारली होती, तरी रात्री वास यायचा. परत पाठवायला दोनदा यमुनाबाईंपर्यंत घेऊनही गेलो. त्या म्हणाल्या, "मी नाय नेनार बाबा. तुजं तू बघ."

काल रविवारी घेतली. बाथरूमचं दार लावलं. झाकण अडकलं होतं, पक्कडीने काढलं. आत काळा, डांबरासारखा थर. म्हटलं, वाळलेलं आहे, खरवडलं की निघेल. गरम पाणी ओतलं. आत्या, ते पुन्हा लाल झालं. सात वर्षांनी. पाणी लाल झालं आणि वास असा वर आला जणू कोणीतरी आत्ताच थुंकलंय. ब्रश गळ्यातून आत जाईना. तू लिहिलं होतंस बोट घालावं लागतं, तसं घातलं. तळाशी काहीतरी मऊ लागलं. मी ओकलो. उठून पुन्हा हात घातला, पुन्हा ओकलो.

आवाज ऐकून आईने दार ढकललं. मला वाटलं किंचाळेल. तिने नाकसुद्धा दाबलं नाही. गाऊनच्या बाह्या वर केल्या, खाली बसली आणि हात पुढे केला. म्हणाली, "दे इकडे. तुझ्याने नाही व्हायचं. मला सवय आहे."

मी म्हटलं, "कसली सवय?"

 तिची नजर बेसिनखाली गेली आणि लगेच परत आली. मी पुन्हा विचारलं. म्हणाली, "काही नाही रे, ते आपलं पाइपचं." मी बेसिनखालची बाटली फिरवून काढली. ती माझ्या हातात उलटली. माझेच बोळे, आत्या. तपकिरी, जळलेले, तिच्या-माझ्या केसांत गुंतलेले. त्यातले काही तुझ्या कापसाचे होते. तुझ्यासारखा मीही ओळखायला लागलोय. आणि मी तिच्या बोटांकडे बघितलं. नखांच्या कडा तपकिरी होत्या. इतके दिवस मला वाटायचं, हळद असेल.

माझ्या पत्रातलं ते वाक्य मला आठवलं. तू तेव्हा जागृतीकडून सगळं ऐकून बसली होतीस ना? आणि तरी सांगितलं नाहीस.

आई हात पुढे करूनच बसली होती. मी तिला उठवलं, बाहेर नेलं आणि दार लावलं. पिकदाणी धुतली. मग बेसिनची बाटली धुतली. दुपार गेली. साबणाने किती धुतले तरी माझे हात अजून वास मारतात. आज डबा चमच्याने खाल्ला.

सुटलं, असं लिहीत नाही. तू वासानेच पकडशील. काल ओढलं नाही, आज सकाळी उशीखाली हात गेला आणि तिथे काही नव्हतं, कारण ते मी हितेशलाही न देता फोडून टाकलंय. डोकं ठणकतंय, जागृतीवर विनाकारण खेकसलो. एका डॉक्टरांची वेळ घेतली आहे, हे सोडवणारे असतात. आई बरोबर येते म्हणाली. मी म्हटलं, तू फक्त बस, मी जातो.

पिकदाणीत तुझा उरलेला देवकापूस ठेवलाय. पहिल्या खेपेचा. त्याला तोंड लागलेलं नाही. देवाला चालेल की नाही ते तू ठरव.

तुला आत्या लिहिलंय. चालेल ना?

केयूर


गिरीज,
१५ मार्च २०२५

चि. केयूर,

चालेल.

पिकदाणी पोचली. झाकण काढून नाक आत घातलं. चिंचेचा आंबूस वास आला, थोडा पितळेचा आला. दुसरा कसलाच आला नाही. मी पुन्हा पुन्हा घेऊन पाहिला. मग तिथेच पडवीत बसले बराच वेळ. यमुनाला वाटलं मला चक्कर आली, तिने तोंडावर पाणी मारलं.

कापसाला मात्र आंब्याचा वास लागलाय, तुझ्या कपाटात राहून. तो देवाला चालणार नाही. टाकवलाही नाही. त्याची वात करून विहिरीवरच्या दिव्याला लावली. दूध न लावता. बरी जळते.

डॉक्टरांकडे गेलास की काय म्हणाले ते लिही. हात दुसऱ्यांदा उशीखाली गेला तर तेही लिही. मला खोटं नको. बाकी काही लिहिलंस तरी मी नाक मुरडणार नाही, आणि मुरडलं तरी ते माझ्या पडवीत, तुला दिसणार नाही.

झाड पांढरं झालंय. रविवारी वेचायला ये. हेमांगीला आणायचंच. तिला मी पाटावर बसवून भरली वांगी वाढणार आहे, आणि उठू देणार नाही. तिचं ताट तू उचल, आणि घास.

आत्या